उजवा अंगठा वगळून पाया पडणेबाबत

प्रति,
मा. सचिव (श्री. हेमंत बेहेरे),
मुसाकाठ मराठी स्नेह मंडळ,
हिमायतनगर, हैदराबाद.

अर्जदार: अप्पाराव व्यंकटराव कुंडलवाडीकर, वय ६७, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, आजीव सभासद क्र. ११४, राहणार मलकपेठ.

विषय: दि. ३० नोव्हेंबर रोजीच्या ज्येष्ठ सन्मान सोहळ्यात अर्जदाराच्या पाया पडण्यास सर्वांना परवानगी असलेबाबत, मात्र उजव्या पायाचा अंगठा तेवढा वगळणेबाबत, तोही कायमचा नव्हे तर जखम भरेपर्यंतच वगळणेबाबत, आणि अर्जदाराचा धाकटा भाऊ प्रकाश यास काहीच न वगळणेबाबत. (विषय एका ओळीत न बसल्याबद्दल क्षमस्व. कारण परिच्छेद ४ मध्ये दिले आहे.)

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. १२ नोव्हेंबर २०२५ चा अर्ज (पाने चार).
२) त्यावरून मंडळाने दि. १३ नोव्हेंबर रोजी व्हॉट्सॲपवर काढलेली सूचना (ओळ एक).

महोदय,

१. मंडळाने यंदाच्या ज्येष्ठ सन्मानासाठी अर्जदाराची निवड केली, याबद्दल अर्जदार मंडळाचा ऋणी आहे. सोहळ्याची रीत आपणास ठाऊक आहेच, तरी अर्ज पूर्ण असावा म्हणून नमूद करण्यात येते की, सन्मानमूर्तीस व्यासपीठावर खुर्चीत बसवतात, शाल-श्रीफळ देतात, आणि मग बालवर्गाची बेचाळीस मुले व त्यांच्यामागे झाडून सारे सभासद रांगेने येऊन पाया पडतात. ही रांग लावण्याचे काम गेली एकोणीस वर्षे अर्जदाराकडे आहे. रांग लावताना समोरच्या खुर्चीकडे अर्जदाराचे कधी लक्ष गेले नाही, असे तो शपथेवर सांगू शकत नाही.

२. तथापि यंदा अर्जदारास या रांगेचे जे महत्त्व आहे, ते शालीमुळे किंवा खुर्चीमुळे नाही. अर्जदारास प्रकाश नावाचा सख्खा धाकटा भाऊ असून तो कुकटपल्ली येथे राहतो. दोघांमध्ये अकरा वर्षे बोलणे नाही. कारण असे की, प्रकाशच्या मुलीच्या, म्हणजे चि. सौ. कां. अपर्णा हिच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत अर्जदाराचे नाव मुलीच्या मामाच्या खाली छापले गेले. सख्खा चुलता खाली आणि मामा वर. प्रकाशचे म्हणणे, छापखान्याने जागा बघून नावे बसवली. अर्जदाराचे म्हणणे, कच्चा कागद प्रकाशनेच तपासला होता. अर्जदार लग्नास गेला, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आला. तेव्हापासून दोघे भाऊ फक्त कोणाच्या तरी दहाव्याला भेटतात आणि हनुवटी किंचित हलवून निघून जातात.

गेल्या महिन्यात सन्मानाची बातमी कळल्यावर प्रकाशची पत्नी सौ. पद्मावती हिने अर्जदाराची पत्नी सौ. जयवंता हिला फोन केला. तिचे शब्द जसेच्या तसे असे: "अक्का, हे यायलेत बघा. बोलले, रांगेत सगळ्यांसोबत पाया पडतो अन् मोकळा होतो. घरी एकट्यानं यायची शरम वाटायली म्हणे." हे ऐकून अर्जदाराने फक्त "येऊ दे की" असे म्हटले आणि गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढून आणले. सदर काम अर्जदाराने लग्नानंतर प्रथमच केले, असे सौ. जयवंता यांनी निदर्शनास आणून दिले आहे.

३. आता मूळ व्याधीकडे वळण्यात येते. सन्मानासाठी अर्जदाराने नवे काळे बूट घेतले. ते पुढून निमुळते होते. दुकानदाराने "साब, दो दिन में खुल जाते" असे सांगितले. बूट खुलले नाहीत, अंगठा मात्र सुजला. त्यातच नखे कोपऱ्यात खोलवर गोल कापण्याची अर्जदाराची चाळीस वर्षांची सवय, त्यामुळे उजव्या अंगठ्याच्या नखाची कड मांसात शिरली व तेथे पू झाला. चादर अंगठ्याला लागली तरी जीव कासावीस होऊ लागला. अर्जदाराने प्रथम हळद, मग तूप, मग दुर्लक्ष, असे तिन्ही उपाय करून पाहिले.

अखेर दि. १० रोजी डॉ. प्रणिता यांच्या दवाखान्यात नखाची कड काढण्याचे ठरले. डॉक्टरबाई तेलुगू असून स्वभावाने गोड आहेत. "अंकल, एमी कादु, काही होत नाही. टेन्शन नक्को लो," असे त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुई टोचली. अंगठा बधिर करण्यासाठी जी सुई टोचतात, ती टोचताना अंगठा बधिर नसतो, ही बाब अर्जदारास कोणी आधी सांगितली नव्हती. त्या वेळी अर्जदाराने जो आवाज काढला, त्यामुळे बाहेर बसलेले दोन रुग्ण उठून घरी गेले. सौ. जयवंता या प्रसंगी हजर होत्या. "मला तीन लेकरं झाली, मी येवढं ओरडले नाही," एवढीच त्यांची प्रतिक्रिया होती. पुढे अंगठ्याला रबर आवळून नखाची एका बाजूची पट्टी उभी कापून काढली, ती परत उगवू नये म्हणून मुळाशी औषध लावले, वर लठ्ठ पट्टी बांधली. बारा मिनिटांत सर्व आटोपले. काढलेली पट्टी अर्जदारास दाखवण्यात आली. ती बडीशेपेच्या दाण्याएवढी होती. सौ. जयवंता यांनी ती पाहून पुन्हा अर्जदाराकडे पाहिले.

डॉक्टरांच्या सूचना अशा: दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवणे, नंतर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवणे, रोज पट्टी बदलणे, महिनाभर पुढून उघडी चप्पल घालणे, यापुढे नख सरळ कापणे, आणि अंगठ्यास कोणताही धक्का लागू न देणे. शेवटची सूचना ऐकताच अर्जदाराच्या डोळ्यांपुढे बालवर्गाची बेचाळीस मुले उभी राहिली. ही मुले पाया पडत नाहीत, पायावर पडतात. एवढ्या वर्षांत अर्जदाराने ते जवळून पाहिले आहे.

४. म्हणून अर्जदाराने दि. १२ रोजी आपणास चार पानी अर्ज दिला. त्यात उजवा पाय, डावा पाय, मुदत व अपवाद असे सर्व तपशील स्वतंत्र परिच्छेदांत मांडले होते. कारण मात्र गोपनीय ठेवावे, अशी विनंती केली होती. एकोणीस वर्षांनी खुर्चीत बसणारा माणूस नखामुळे लंगडतो, हे गावभर व्हावे असे त्यास वाटत नव्हते. आणि त्या अर्जाचा विषय अर्जदाराने असा लिहिला: "अर्जदाराच्या पाया न पडणेबाबत."

येथे अर्जदार आपली चूक मान्य करतो. वीज खात्यात एकतीस वर्षे तो हाताखालच्या लोकांना शिकवत आला की, विषय एका ओळीत बसला पाहिजे, कारण साहेब विषय वाचतात, बाकीचे वाचत नाहीत. आपण त्या वेळी कचेरीच्या बैठकीत होतात व समोर पडद्यावर पुण्याहून, अमेरिकेहून असे कुठून कुठून साहेब बोलत होते, असे नंतर कळले. आपण विषय वाचलात आणि बसल्या जागी गटावर सूचना टाकलीत: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, श्री. अप्पाराव कुंडलवाडीकर यांच्या पाया कोणीही पडू नये. – सचिव." मंडळाच्या इतिहासात कोणत्याही अर्जावर इतक्या तत्परतेने कार्यवाही झालेली नाही. सभागृहाच्या गळक्या नळाबाबत अर्जदाराने केलेले सात अर्ज आजही विचाराधीन आहेत. सूचनेखाली त्रेसष्ट सभासदांनी सहमतीचे अंगठे उमटवले.

५. सदर सूचनेत ना कारण, ना मुदत. त्यामुळे ज्याला जे सुचले ते त्याने ठरवले. ठळक परिणाम पुढीलप्रमाणे.

त्याच संध्याकाळी मलकपेठेतल्याच निवृत्त शिक्षिका चारुलताबाई व त्यांचे यजमान पांढऱ्या कपड्यांत दारात उभे राहिले. सुतकात पाया पडत नाहीत, तेव्हा अर्जदाराकडे कोणी गेले असणार, असा त्यांनी हिशेब केला होता. सोबत डब्यात पिठलं-भात आणला होता. अर्जदार पलंगावर, पाय दोन उशांवर, तोंड वेदनेने उतरलेले. ते पाहून चारुलताबाईंना रडू फुटले. त्यांना रडताना पाहून सौ. जयवंता यांना वाटले, यांच्याकडेच कोणी गेले. त्याही रडल्या. कोण गेले हे विचारायचे कसे, म्हणून वीस मिनिटे दोन्ही बाजू एकमेकींचे सांत्वन करत होत्या. खुलासा झाल्यावर पिठलं-भात परत नेणे बरे दिसले नसते, म्हणून तो ठेवून घेण्यात आला. पिठले उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या युवा शाखेचा मंदार याचा संदेश आला: "काका, फुल रिस्पेक्ट! असा स्टँड घ्यायला गट्स लागतात." अर्जदाराने पाया पडण्याची जुनी प्रथा मोडली, असा त्याचा समज. त्याने अर्जदाराच्या छायाचित्राचे भित्तिपत्रक केले, त्यावर "पाय नको, विचार द्या" असे लिहिले, आणि दि. १६ रोजी कुकटपल्लीच्या एका सोसायटीत अर्जदाराचे व्याख्यान ठेवले. अर्जदाराने नकार द्यायला हवा होता. परंतु त्याला आजवर कोणी व्याख्यानास बोलावले नव्हते. तो उघडी चप्पल घालून, रिक्षात पाय आडवा टाकून गेला आणि वाकण्यापेक्षा ताठ मानेने जगावे या विषयावर चाळीस मिनिटे बोलला. भाषण इतके प्रभावी झाले की, शेवटी तीन तरुण भारावून पुढे धावले आणि अर्जदाराच्या पाया पडले. पहिल्या दोघांनी डावा पाय धरला. तिसऱ्याने उजव्या अंगठ्यावर हात दाबला. त्या क्षणी अर्जदाराच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला, तो या अर्जात लिहिता येत नाही. तो मंदारच्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित आहे.

मंडळाच्या भजन शाखेच्या उषाताई यांचे मत तिसरेच. फार वरच्या पायरीला पोचलेली माणसे कोणाला पायाला हात लावू देत नाहीत, असे त्यांनी कुठेतरी ऐकले आहे. अप्पारावांना एकाएकी काहीतरी प्राप्त झाले, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तो हिमायतनगरापर्यंत पोचवला. आता रोज सकाळी दोघी-तिघी दारातूनच हात जोडतात व उंबऱ्यावर नारळ ठेवून पाठ न दाखवता मागे मागे जातात. पट्टीवरचा औषधाचा तपकिरी डाग हा अष्टगंध आहे, असे त्यांच्यात ठरले आहे. आज अखेर नारळ नऊ झाले. सौ. जयवंता यांनी त्यांतल्या दोहोंच्या वड्या केल्या असून, प्राप्त झालेल्या माणसाने आता तरी आपले ताट आपण उचलावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

६. वरील सर्व अर्जदाराने हसून सोडून दिले असते. त्याने हा अर्ज त्यासाठी केलेला नाही.

दि. १९ रोजी सौ. पद्मावती हिचा पुन्हा फोन आला. आपली सूचना कोणीतरी पुढे पाठवून प्रकाशपर्यंत पोचवली होती. तो मंडळाचा सभासद नाही, त्यामुळे त्याला सुतक, सुधारणा, सिद्धी यांतले काहीच ठाऊक नाही. त्याने फक्त ती एक ओळ वाचली. सन्मानाला घालायचा सदरा त्याने इस्त्री करून आणला होता. तो त्याने परत कपाटात ठेवला आणि पद्मावतीला म्हणाला, "दादानं माझ्यासाठीच लिहायला लावलंय हे. चारशे लोकांच्या नावानं मला एकट्याला सांगितलं, येऊ नको म्हणून." मग तो जेवला नाही. तो रुसला की जेवत नाही. लहानपणापासून असाच आहे.

आपण विचाराल, सख्खा भाऊ आहे तर त्याला फोन का केला नाही? अर्जदाराने फोन केला. दि. २० रोजी सायंकाळी तीन वेळा क्रमांक फिरवून घंटा वाजण्याच्या आत बंद केला. चौथ्या वेळी घंटा वाजली आणि प्रकाशने उचलला. "हलो" म्हणाला. अकरा वर्षांत त्याचा आवाज वडिलांसारखा झाला आहे, हे अर्जदारास माहीत नव्हते. बोलायचे ते कागदावर मुद्देनिहाय लिहून समोर ठेवले होते, त्यातला पहिलाच मुद्दा अर्जदार मनात पुन्हा पुन्हा वाचत राहिला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. असे एक मिनिट दहा सेकंद गेल्यावर अर्जदार "राँग नंबर" असे म्हणाला. त्यावर प्रकाश "हौ, बरं" असे बोलला, पण त्यानेही लगेच फोन ठेवला नाही. शेवटी कोणी ठेवला, हे अर्जदारास सांगता येणार नाही.

सौ. जयवंता स्वयंपाकघरातून हे सर्व ऐकत होत्या. "चार चार पानं अर्ज लिहिता येतो, भावाला एक शब्द बोलता येत नाही," असे त्या म्हणाल्या.  म्हणून त्याला जे येते ते तो करत आहे.

७. सबब, अर्जदाराची विनंती खालीलप्रमाणे आहे.

(अ) दि. १३ ची सूचना तात्काळ मागे घ्यावी. नवी सूचना काढताना हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा. कचेरीची बैठक चालू असल्यास ती संपेपर्यंत थांबावे.

(आ) नव्या सूचनेत कारण स्पष्ट लिहावे: "श्री. अप्पाराव यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख आत वाढले होते, ते काढले आहे." गोपनीयतेची विनंती अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे. लोक हसले तर हसू द्यावे.

(इ) व्यासपीठावर अर्जदाराच्या उजव्या पायावर वेताची टोपली उपडी घालण्याची परवानगी असावी. टोपली अर्जदार घरून आणील. तिला हार घालू नये, असे उषाताईंना लेखी कळवावे.

(ई) बालवर्गाची एक तालीम घ्यावी. मुलांना "डावा" म्हणून सांगू नये, निम्म्यांना ते कळत नाही. "लेफ्ट" म्हणावे. ज्यांना तेही कळत नाही, त्यांना लांबूनच नमस्कार करायला सांगावे.

(उ) मंदारने भित्तिपत्रक काढून टाकावे. ध्वनिमुद्रणही.

(ऊ) प्रकाश रांगेत दिसताच टोपली काढून ठेवावी. त्याला डावा-उजवा काही सांगू नये. तो नुसता हात लावून उरकत नाही, गुडघे टेकून कपाळ लावतो, आणि आधी उजव्या पायाला लावतो. त्याचे कपाळ जड आहे. तरी अर्जदार हूं की चूं करणार नाही. डोळ्यांत पाणी आलेच, तर ते अंगठ्याच्या ठणक्यामुळे आले असे निवेदकाने जाहीर करावे.

(ए) प्रकाश येणार नसेल, तर यंदाचा सन्मान दुसऱ्या कोणा ज्येष्ठास द्यावा. अर्जदार नेहमीप्रमाणे रांग लावील. पत्रिकेत नाव मामाच्या खाली होते की वर, याने अर्जदाराचे अकरा वर्षांत काहीही बिघडले नाही. न बोलल्याने मात्र पुष्कळ बिघडले. अपर्णाला मुलगा झाला, तो आता दुसरीत आहे म्हणतात. अर्जदाराने त्याला पाहिलेले नाही. नखाच्या कडेएवढी गोष्ट इतके दिवस मनावर घेतली याची अर्जदारास लाज वाटते, आणि हे त्याने आजवर कोणाजवळ कबूल केलेले नाही. मंडळाच्या दप्तरी त्याची नोंद व्हावी.

आपल्या निर्णयाची डाव्या पायावर उभे राहून वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
अप्पाराव व्यंकटराव कुंडलवाडीकर

मलकपेठ, हैदराबाद
दि. २२ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) डॉ. प्रणिता यांचे प्रमाणपत्र.
२) अंगठ्याचे छायाचित्र, बंद पाकिटात (जेवणापूर्वी उघडू नये).
३) नव्या सूचनेचा मसुदा, ओळी सहा.

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव:
चि. प्रकाश व्यंकटराव कुंडलवाडीकर, कुकटपल्ली.

(या प्रतीवर खाली पेनाने:) प्रकाश, रांगेत कशाला, घरीच ये. दार मीच उघडीन. पाय दुखतो म्हणून दारापर्यंत यायला वेळ लागेल, तेवढ्यात परत जाऊ नको. – दादा